कमी अल्कोहोलची क्राफ्ट पेल एल : पहिला घोट आणि शेवटचा घोट

मंदफेस (धागाकर्ता)

गेली बारा-पंधरा वर्षे मी पेल एल ही फिकट रंगाची बिअर पितो, आणि त्यातही पाच-साडेपाच टक्के अल्कोहोलची, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा) गंध पुढे असणारी. अलीकडे झोप सावध झाल्यामुळे संध्याकाळच्या ग्लासाचा हिशोब ठेवणे भाग पडले आणि मी कमी अल्कोहोलच्या एलकडे वळलो. महिनाभरात चार-पाच निरनिराळ्या ब्रुअरींच्या एल चाखून झाल्या. त्या सगळ्यांत मला एकच गोष्ट खटकली, म्हणून त्यांपैकी एकीची नोंद सविस्तर मांडून जाणकारांचे मत विचारत आहे. ब्रुअरीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण प्रश्न एका ब्रुअरीपुरता नाही असे मला वाटते.

कॅन ३३० मिलिलिटरचा, अल्कोहोल २.६ टक्के, हॉप्स सिट्रा आणि मोझेक. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवला आणि ओतल्यावर थर्मामीटरने पाहिले तेव्हा तापमान ७ अंश सेल्सिअस होते. रंग फिकट सोनेरी, जरासा गढूळ; ग्लासामागे धरलेली बोटे दिसत होती, पण बोटांवरच्या रेषा दिसत नव्हत्या. फेस पांढराशुभ्र, दोन बोटे उंच आणि बारीक बुडबुड्यांचा होता. तो चार मिनिटांत निम्मा झाला, तरी प्रत्येक घोटानंतर ग्लासाच्या आतल्या बाजूला जाळीची एक कडी सोडत गेला. दिसण्यात पाच टक्क्यांच्या एलपेक्षा ती कुठेही उणी नव्हती.

गंधाने तर मी चकितच झालो. पपनसाची साल नखाने खरवडल्यावर जो उग्र, तेलकट दरवळ उठतो तो आधी आला आणि त्यामागून पिकलेल्या आंब्याचा व पाइनच्या चिकाचा. नेहमीच्या एलपेक्षाही हा गंध मोकळा आणि जवळचा वाटला. पहिला घोट त्याला साजेसा होता : चुरचुरीत, कोरडा, कडवटपणा स्वच्छ. मनात म्हटले, मग इतकी वर्षे आपण उगाचच पाच टक्के पीत होतो की काय!

पंचवीस मिनिटांनी, ग्लासात एक तृतीयांश बिअर उरली असताना, चित्र पार बदलले होते. तापमान १३ अंशांवर गेले होते. साल आणि आंबा जवळपास निघून गेले होते आणि त्यांच्या जागी रात्रभर भिजत घातलेल्या सातूच्या पाण्यासारखा वास येऊ लागला होता. चवीत पाणी वेगळे आणि कडवटपणा वेगळा अशी फारकत झाली होती; गिळल्यानंतर घशाशी एक कोरडी खवखव राहत होती. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यानुसार मी गंधाला १२ पैकी ९, रूपाला ३ पैकी ३, चवीला २० पैकी १२, तोंडातल्या पोताला ५ पैकी २ आणि एकंदर परिणामाला १० पैकी ६ दिले, म्हणजे ३२. पहिल्या पाच मिनिटांत गुण दिले असते तर ते चाळिशीजवळ गेले असते.

माझा प्रश्न असा की शेवटच्या घोटाला होणारी ही पडझड अल्कोहोल नसल्यामुळे अटळ आहे, की ती करणाऱ्याच्या हातची चूक आहे?

तळगाळ

मी घरी बिअर करतो आणि या प्रकारच्या सात बॅचेस आजवर केल्या आहेत. त्यांतल्या तीन ओतून द्याव्या लागल्या, तेव्हा अधिकाराने नाही, पण अनुभवाने लिहितो. माझ्या मते आपण सांगितलेल्या तीन दोषांची तीन कारणे आहेत आणि त्यांतली निदान दोन करणाऱ्याच्या हातात असतात.

आधी कडवटपणा. साध्या पेल एलचा वर्ट, म्हणजे धान्यातून काढलेला गोड रस, किण्वनापूर्वी सुमारे १.०५० ग्रॅव्हिटीचा (पाण्याच्या तुलनेत घनतेचा) असतो आणि त्याला ४० आयबीयूचा (कडवटपणाच्या एककांचा) कडवटपणा शोभतो, म्हणजे ग्रॅव्हिटीच्या ५० अंशांना ४०, गुणोत्तर ०.८. आता २.६ टक्क्यांसाठी वर्ट १.०३० चा घेतला आणि किण्वन १.०१० वर थांबले असे धरू. दोहोंतला फरक ०.०२०, त्याला १३१.२५ ने गुणले की अल्कोहोल २.६ टक्के येते. पण कृती जुनीच ठेवून कडवटपणा ४० वरच ठेवला तर गुणोत्तर १.३३ होते, आणि तो अत्यंत कडवट आयपीएचा (इंडिया पेल एलचा) प्रांत झाला. तोच तोल राखायचा तर २४ आयबीयू पुरेसे आहेत. माझी पहिली ओतून दिलेली बॅच याच चुकीची होती. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) कमी केले, पण हॉप्सवरचा जीव सुटला नाही.

घशाशी राहणारी खवखव ही बहुतेक वेळा हॉप्सची कडवट आम्ले नव्हेत, तर तुरटपणा असतो, आणि त्याचे मूळ धान्याच्या सालात किंवा ड्राय हॉपिंगच्या, म्हणजे न उकळता बिअरमध्ये थेट हॉप्स टाकण्याच्या, अतिरेकात सापडते. कमी धान्यावर खूप गरम पाणी सोडून शेवटचा थेंब धुऊन काढू लागलो की पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि सालातले टॅनिन उतरते. म्हणून मी या एलसाठी धान्य धूतच नाही. सगळे पाणी एकदाच घालतो आणि जो वर्ट मिळेल तो घेतो. धान्य थोडे वाया जाते, ते जाऊ द्यावे. ड्राय हॉपिंगमध्येही तेच. मोठ्या एलइतकीच हॉप्स टाकली की पानांतले पॉलिफेनॉल (तुरट द्रव्ये) या हलक्या अंगाच्या बिअरला झेपत नाहीत.

पातळपणा हा तिसरा दोष आणि तोच सर्वांत चिवट. पिष्टाची साखर करणारी दोन मुख्य विकरे (एन्झाइम) असतात. त्यांपैकी बीटा अमायलेज साधारण ६० ते ६५ अंशांवर जोमात असते आणि यीस्टला सहज खाता येईल असे माल्टोज तयार करते. अल्फा अमायलेज ७० अंशांच्या आसपास टिकून राहते आणि यीस्टला न पचणारे मोठे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, मागे ठेवते. म्हणून कमी अल्कोहोलच्या एलचा मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात मुरवणे, मी ७० ते ७२ अंशांवर करतो. बीटा अमायलेज लवकर मोडते आणि बरीचशी साखर न आंबताच राहते. मात्र डेक्स्ट्रिनने बिअर भरीव होते हे जितक्या ठामपणे सांगितले जाते तितके ते खरे असल्याचे मला जाणवलेले नाही. मला फरक दिसला तो ओट्समुळे. एकूण धान्यात १५ टक्के ओट्स घातल्यावर बिअर जिभेवरून घसरण्याऐवजी जरा रेंगाळते. व्हिएन्ना किंवा म्युनिक माल्टचा थोडा हात असेल तर चवीलाही मागे टेकायला भिंत मिळते.

आणखी एक गोष्ट, जिने माझी दुसरी बॅच घालवली. हॉप्सच्या फुलांतही पिष्ट फोडणारी विकरे असतात. होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी ही गोष्ट १८९३ सालीच नोंदवून ठेवली होती. ब्रुअरीवाले हल्ली तिला हॉप क्रीप म्हणतात. ड्राय हॉपिंग केल्यावर ही विकरे त्या जपून ठेवलेल्या डेक्स्ट्रिनचे तुकडे करतात, यीस्ट पुन्हा जागे होते, बिअर आणखी कोरडी पडते, बाटलीत दाब वाढतो आणि वर लोण्यासारखा वास देणारे डायअसेटिल येते. पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये ग्रॅव्हिटीचे दोन अंश गेले तर कळतही नाही, पण जिच्याजवळ मुळात दहाच अंश शिल्लक आहेत तिचे दोन गेले म्हणजे पाचवा हिस्सा गेला. आपल्या एलला शेवटी ‘पाणी वेगळे’ लागले त्यामागे हेही असू शकेल.

नासिकाग्र

तळगाळ यांचे विवेचन पटले, पण गंधाच्या पडझडीचे उत्तर त्यात नाही, आणि धागाकर्त्याचा मुख्य प्रश्न तोच आहे असे मला वाटते.

अल्कोहोलला आपण नशेच्या आणि फार तर घशातल्या उबेच्या हिशोबात धरतो. बिअरमध्ये ते त्याशिवाय द्रावक म्हणूनही काम करते. हॉप्सची तेले पाण्यात विरघळायला नाखूश असतात. त्यांतले मिर्सीन तर जवळजवळ विरघळतच नाही. अल्कोहोल जितके अधिक तितकी ही तेले द्रवात धरून ठेवली जातात आणि जितके कमी तितकी ती लवकर वर, फेसाच्या दिशेने निघतात. म्हणून कमी अल्कोहोलची एल ओतल्या ओतल्या अधिक सुगंधी वाटते. धागाकर्त्यांनी ‘मोकळा आणि जवळचा’ हे शब्द वापरले आहेत ते अगदी नेमके आहेत. मात्र तोच गंध उधळेपणाने लवकर संपतो. पुंजी तेवढीच, खर्च आधी.

सातूच्या पाण्याचा वास हीसुद्धा याच नियमाची दुसरी बाजू आहे. माल्टमधून येणारी काही अल्डिहाइड, उदाहरणार्थ ३-मिथिलब्युटानाल आणि उकडलेल्या बटाट्याची आठवण देणारे मेथिओनाल, जोमदार किण्वनात यीस्टकडून बऱ्याच अंशी नाहीशी केली जातात. किण्वन मुळातच थोडे झाले तर ती अधिक उरतात, आणि त्यांना दाबून धरणारे अल्कोहोलही कमी असते. सुरुवातीला हॉप्सचा दरवळ त्यांच्यावर पांघरूण घालतो. पांघरूण सरकले आणि बिअर कोमट झाली की खालचे दिसू लागते. ७ अंशांवर जे झाकलेले असते ते १३ अंशांवर उघडे पडते, यात नवल नाही.

तरीही हात राखून लिहितो. पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर येण्याने पडणारा फरक हा पाचवरून शून्यावर येण्याने पडणाऱ्या फरकापेक्षा बराच लहान असणार. त्यामुळे २.६ टक्क्यांच्या एलमध्ये सगळा दोष अल्कोहोलच्या माथी मारता येणार नाही. ०.५ टक्क्यांच्या बिअरमध्ये मात्र सातूचा तो वास हाच मुख्य शत्रू असतो.

कोरडा ग्लास

मुळात २.६ टक्क्यांना ‘कमी अल्कोहोल’ म्हणावे का, हे कोणी सांगेल काय? ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ‘लो अल्कोहोल’ हे शब्द १.२ टक्क्यांपर्यंतच्या बिअरलाच लावता येतात. जर्मनीत ०.५ टक्क्यांपर्यंतची बिअर अल्कोहोलमुक्त म्हणून विकतात आणि अमेरिकेत ०.५ टक्क्यांच्या आत असेल तर ती ‘नॉन-अल्कोहोलिक’ ठरते. ज्यांना औषधामुळे किंवा गर्भारपणामुळे अल्कोहोल पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी लेबलवरच्या शब्दांपेक्षा आकडा वाचावा, इतकेच सुचवतो.

मंदफेस

कोरडा ग्लास, आपली हरकत रास्त आहे. बिअरवाल्यांच्या भाषेत ही ‘टेबल बिअर’ किंवा ‘स्मॉल बिअर’ ठरेल. मी बोलीभाषेतल्या अर्थाने ‘कमी’ म्हटले. आकड्यातच बोलायचे तर ३३० मिलिलिटरच्या पाच टक्के बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असते, २.६ टक्क्यांच्या बिअरमध्ये पावणेसात ग्रॅम आणि ०.५ टक्क्यांच्या बिअरमध्ये १.३ ग्रॅम. माझ्या झोपेला पावणेसात चालतात.

नासिकाग्र यांचे ‘पुंजी तेवढीच, खर्च आधी’ हे वाचून बराच उलगडा झाला. तळगाळ यांना एक विचारायचे आहे : ही एल कमी किण्वनाऐवजी पूर्ण किण्वन करून नंतर अल्कोहोल काढून घेतलेली असू शकेल काय? तसे असेल तर तो सातूचा वास यायला नको होता.

तळगाळ

२.६ टक्क्यांसाठी कोणी तो खटाटोप करणार नाही. निर्वात दाबाखाली ३०-४० अंशांवर अल्कोहोल उडवणे किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यातून ते वेगळे करणे हे दोन्ही मार्ग यंत्रसामग्रीच्या दृष्टीने अवजड आहेत आणि ते मुख्यतः ०.५ टक्के किंवा त्याखालच्या बिअरसाठी वापरतात. त्यांत सातूचा वास कमी असतो हे खरे, पण फळांसारखा गंध देणारी एस्टर्सही अल्कोहोलबरोबर निघून जातात आणि मागे राहिलेली बिअर पोकळ लागते. लहान ब्रुअरी ०.५ टक्क्यांसाठी बहुधा माल्टोज न खाणारे यीस्ट वापरतात. सॅकरोमायकोडीस लुडविगी हे त्यांतले जुने नाव. ते ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज खाते आणि माल्टोजला हात लावत नाही, त्यामुळे गोडसर शिल्लक बरीच राहते.

घरी ०.५ टक्क्यांची बिअर करू पाहणाऱ्यांना मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. नेहमीच्या बिअरमध्ये अल्कोहोल, आम्लता आणि खाद्याचा अभाव यांच्या त्रिकुटामुळे रोगजंतू वाढत नाहीत. ०.५ टक्क्यांच्या बिअरमध्ये अल्कोहोल नाममात्र असते आणि साखर भरपूर उरलेली असते. सामू ४.६ च्या पुरेसा खाली आणला नाही आणि पाश्चरीकरण केले नाही, तर त्यात साल्मोनेला आणि ई. कोलाय यांसारखे जंतू जगू-वाढू शकतात. मी त्या वाटेला जात नाही.

जुनी खोड

चर्चा रसायनात रमली आहे म्हणून थोडे मागे जाऊन बोलतो. कमी अल्कोहोलची एल ही आजकालची कल्पना आहे असा समज दिसतो. इंग्लंडमध्ये एकाच धान्यावर दोन-तीनदा पाणी सोडण्याची जुनी पद्धत होती. पहिल्या दाट पाण्याची कडक एल होई आणि शेवटच्या पातळ पाण्याची स्मॉल बिअर. म्हणजे ही बहीण धाकटी खरी, पण त्याच घरातली. तिथल्याच बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) भरपूर असल्यामुळे तिथल्या पेल एलचा कडवटपणा कोरडा आणि रेखीव लागे. ते सल्फेट आजही पेल एल करणारे पाण्यात मुद्दाम घालतात. तळगाळ यांना विचारतो, पातळ अंगाच्या एलमध्ये सल्फेटचा हात सढळ ठेवला तर ती खवखव वाढणार नाही काय?

आज आपण ज्याला अमेरिकी पेल एल म्हणतो ती तर कालपरवाची. कॅस्केड हे हॉप्सचे वाण १९७२ साली लागवडीसाठी खुले झाले आणि सिएरा नेव्हाडाची पेल एल १९८० ची, ५.६ टक्क्यांची. आपल्या जिभेला पाच-साडेपाचचे वळण लागले ते त्या घराण्यामुळे. इंग्रजी ऑर्डिनरी बिटर ३.२ ते ३.८ टक्क्यांतच मावते आणि तिला कोणी पाणचट म्हणत नाही, कारण ती आंब्या-पपनसाच्या मागे न लागता बिस्किटासारख्या माल्टवर उभी असते. माझा आक्षेप इथेच आहे. सिट्रा-मोझेकची सगळी आतषबाजी अडीच टक्क्यांच्या खांद्यावर ठेवायची आणि मग खांदा वाकला म्हणून तक्रार करायची, हे बरोबर नाही.

जाता जाता : ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०११ पासून २.८ टक्क्यांपर्यंतच्या बिअरला कमी कर होता आणि ऑगस्ट २०२३ पासून ती सवलत ३.५ टक्क्यांच्या आतल्या बिअरला मिळू लागली. तिकडे कॅनवर २.८ आणि ३.४ हे आकडे का दिसतात याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

तळगाळ

सल्फेटने खवखव वाढते, आणि म्हणूनच मी अशा एलमध्ये क्लोराइड सल्फेटच्या बरोबरीने किंवा थोडे अधिक ठेवतो. क्लोराइडने माल्टची बाजू गोलसर होते. बर्टनचे पाणी भरल्या अंगाच्या एललाच शोभावे.

एक घोट पुरे

मला या प्रकारात राम वाटत नाही. जिभेच्या मुळाशी कडू कळते, टोकाशी गोड. अल्कोहोल काढले की टोकाकडचा गोडवा जातो आणि मुळाकडचा कडवटपणा तेवढा राहतो. मग त्यापेक्षा सरळ पाणी प्यावे. कलाकुसर कशाची?

नासिकाग्र

जिभेचा तो नकाशा आता मोडीत निघाला आहे. १९०१ साली हेनिग या जर्मन अभ्यासकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनशीलतेत आढळलेले किरकोळ फरक नोंदवले, आणि पुढे त्यांच्या आलेखाचा अर्थ ताणून शाळेतला तो नकाशा तयार झाला. कडू, गोड, आंबट, खारट हे सगळे जिभेवर सर्वत्र कळते. बिअर चाखताना गिळावी असे सांगतात त्याचे कारण वेगळे आहे. गिळल्यानंतर श्वास नाकावाटे बाहेर पडताना घशाकडून गंध वर जातो, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा असतो. अल्कोहोलचा स्वतःचा गोडवा असतो, इतके मात्र आपले बरोबर आहे.

‘सरळ पाणी प्यावे’ याला उत्तर देत नाही. ज्याची त्याची तहान.

तीनपैकी एक

इतके वाचल्यावर अल्कोहोलचा वाटा किती आणि कृतीचा किती हे घरच्या घरी तपासता येईल असे वाटले, म्हणून गेल्या रविवारी आम्ही सहा जणांनी एक प्रयोग केला. धागाकर्त्यांच्या वर्णनाशी जुळणारी, २.६ टक्क्यांचीच एक एल घेतली. तीन कॅन उघडून दोन जगांत (मोठ्या भांड्यांत) प्रत्येकी ४५० मिलिलिटर ओतले. एका जगात ४० टक्क्यांची बिनवासाची व्होडका इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून ३१.५ मिलिलिटर घातली आणि दुसऱ्यात तेवढेच पाणी. हिशोबाने पहिल्या जगातली बिअर पाच टक्क्यांच्या किंचित वर गेली आणि दुसऱ्यातली सुमारे २.४ वर उतरली. कृती तीच, हॉप्स तीच, माल्ट तेच; फरक फक्त अल्कोहोलचा. पाणी घालण्याचे कारण असे की पातळ होण्याचा दोष दोघींना सारखाच लागावा.

मग प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोन एका जगातले आणि एक दुसऱ्यातले. तिघांना व्होडकावाले दोन आणि तिघांना पाण्याचे दोन, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. ओतणारी व्यक्ती सातवी होती आणि ती दुसऱ्या खोलीत थांबली. वेगळा ग्लास ओळखायचा, एवढेच काम. सहापैकी पाच जणांनी तो बरोबर ओळखला. निव्वळ अंदाजाने पाच किंवा सहा बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. तेव्हा फरक होता हे मानायला हरकत नाही. मी स्वतः चुकलो, हेही नोंदवतो.

ओळखले कशावरून हे विचारल्यावर गंमत आली. बरोबर ठरलेल्या पाचांपैकी चौघांनी व्होडका घातलेल्या एलचा गंध दबलेला आहे असे सांगितले. दोघांनी तर तिलाच कमी अल्कोहोलची समजून बाजूला काढले. तोंडात मात्र ती गोलसर लागली आणि कडवटपणा सुटा पडला नाही, यावर सगळ्यांचे एकमत झाले. ग्लास तसेच ठेवून वीस मिनिटांनी पुन्हा हुंगले. पाणी घातलेल्या ग्लासांत सातूचा वास स्पष्ट होता. व्होडका घातलेल्या ग्लासांत तो होता, पण शोधावा लागत होता. घशाची खवखव दोन्हींत सारखीच राहिली.

म्हणजे आमच्यापुरते उत्तर असे निघाले की गंधाची उधळण आणि सातूचा वास यांत अल्कोहोलचा हात आहे आणि तुरटपणा हा करणाऱ्याचा दोष आहे. बुडबुडे जगात ढवळताना गेले होते, त्यामुळे पोताबद्दल आमची साक्ष कच्ची समजावी.

तळगाळ

फार छान प्रयोग. खवखव दोन्हींत राहिली हे वाचून आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद झाला हे कबूल करतो.

मंदफेस

तीनपैकी एक यांचे मनःपूर्वक आभार. त्यांचे वाचून मी उरलेला दुसरा कॅन वेगळ्या तऱ्हेने प्यायलो. या वेळी पसरट तोंडाच्या ग्लासाऐवजी वर निमुळता होत जाणारा ग्लास घेतला आणि अर्धाच कॅन ओतला. उरलेला अर्धा फ्रिजमध्ये सरळ उभा ठेवून दहा मिनिटांनी ओतला. दुसऱ्या अर्ध्याला पपनसाची साल पुन्हा, थोडी मंद का होईना, पण भेटली, आणि शेवटचा घोट ११ अंशांच्या वर जाऊ दिला नाही. सातूचा वास आला, पण दाराशीच थांबला.

एक फजितीही सांगतो. पहिला अर्धा पीत असताना फोटोसाठी ग्लास खिडकीत उन्हात ठेवला आणि बोलण्याच्या नादात पाच-सहा मिनिटे तिथेच विसरलो. परत आल्यावर नाक लावले तर जळक्या रबराचा आणि रानमांजराच्या अंगाचा मिळून होईल तसा भपकारा! कॅन उजेडापासून राखतो म्हणून निर्धास्त होतो, पण ग्लास राखत नाही.

नासिकाग्र

उजेडात हॉप्सची कडवट आम्ले तुटतात, बिअरमधले रिबोफ्लेव्हिन (ब-२ जीवनसत्त्व) त्याला हातभार लावते आणि गंधकयुक्त थायोल तयार होते. ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. तपकिरी काचेची बाटली बऱ्यापैकी संरक्षण देते, हिरवी थोडे आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. आपल्या या फजितीला कमी अल्कोहोल जबाबदार नाही.

जुनी खोड

कॅनच्या बुडावरची तारीख कोणी पाहिली का? इतकी चर्चा झाली, तेवढेच राहिले.

मंदफेस

आत्ता रिकामा कॅन उलटा करून पाहिला. भरल्याला साडेचार महिने झाले आहेत. हॉप्सवर उभ्या असलेल्या एलला एवढा काळ फार होतो हे मला ठाऊक असायला हवे होते. पहिल्या नोंदीत मी ‘साल आणि आंबा निघून गेले’ असे लिहिले, त्यांतला काही भाग कॅन उघडण्यापूर्वीच गेला असणार.

तळगाळ यांनी ओट्सबद्दल लिहिल्यावर लेबल पुन्हा वाचले. घटकांत ओट्स आहेत आणि गहूही आहे. दुसऱ्या वेळी, थंड असताना आणि निमुळत्या ग्लासात, जिभेवर किंचित मऊपणा मलाही जाणवला होता, पण पहिल्या वेळच्या रागामुळे तो मान्य केला नव्हता. तेव्हा पोताचे २ गुण बदलून ३ करतो. बेरीज ३३. तुरटपणामुळे चवीचे गुण मात्र वाढवणार नाही.

तळगाळ

वाढवूही नका.